टाळूवरची खपली, कापराचं तेल आणि जावळाची तारीख

नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. मुलगी अडीच महिन्यांची. महिन्याची असताना टाळूवर पिवळट, चिकट पापुद्रा दिसू लागला. आता कपाळाच्या वरपासून मागे टाळूपर्यंत जाड खपली धरली आहे, भुवयांतही थोडी आहे. बाळ दूध नीट पितं, झोपतं, रडारड नाही. बालरोगतज्ज्ञांनी एक नजर टाकून "आपोआप जाईल" म्हटलं. सासूबाईंचं म्हणणं, बाळंतपणात लोणचं-ताक खाल्लं त्याची ही उष्णता. न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी रोज टाळू भरतात आणि वर डाळीचं पीठ चोळतात. गेल्या आठवड्यापासून सासूबाईंनी खोबरेल तेलात कापूर विरघळवून ठेवला आहे, कारण सुनेच्या डोक्यातल्या कोंड्यावर तो लागू पडतो. कोंडा पत्रलेखिकेला कॉलेजपासून आहे आणि बाळंतपणानंतर वाढला आहे. "माझ्यामुळेच हिला झालं का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा, दोघींनाही औषधी शाम्पू न लावता घरगुती, नैसर्गिक उपायांनी हे बरं होईल का? आणि तिसरा, मार्चमध्ये, पाचव्या महिन्यात सप्तशृंगगडावर जावळ काढायचं ठरलं आहे. वस्तरा फिरला की खपलीही निघून जाईल असं घरात सगळे म्हणतात. ते खरं का?

तुमचं पत्र वाचताना मी कापराच्या ओळीवर थांबले. बाकीचं सावकाश बोलू, पण ती बाटली आज संध्याकाळपर्यंत बाळाच्या आसपासून हलवा. कापूर त्वचेतून अंगात जातो आणि तान्ह्या बाळाची कातडी पातळ असते. पोटात गेला तर तासाभराच्या आत, कधी काही मिनिटांतही, बाळाला झटके येऊ शकतात. एक ग्रॅमभर कापूरही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. पूजेच्या वड्या वाईट आणि भीमसेनी चांगला, असा फरक इथे करू नका. भीमसेनी म्हणून जो मिळतो तोही बाळाच्या डोक्यासाठी नाही. सर्दीचे बाम छातीवर-टाळूवर चोळतात त्यातही कापूर असतो. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना तेही नको.

आणि तुमच्या स्वतःच्या केसांनाही सध्या हे तेल लावू नका. अडीच-तीन महिन्यांचं बाळ पाजताना आईचे केस मुठीत धरतं आणि ती मूठ थेट तोंडात जाते. तुम्ही पाहिलंच असेल. चुकून हे तेल बाळाच्या पोटात गेलं, तर उलटी करवू नका, लगेच दवाखाना गाठा आणि बाटली सोबत न्या.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते, कारण पत्रातली खरी कळ तिथे आहे. नाही, हे तुमच्यामुळे झालेलं नाही. कोंडा असलेल्या आईच्या कुशीत झोपल्याने बाळाला तो लागत नाही. ही खपली संसर्गजन्य नाही, अस्वच्छतेची खूण नाही आणि लोणच्या-ताकाचा तिच्याशी काही संबंध नाही. पोटात असताना आईच्या शरीरातली संप्रेरकं बाळाकडे जातात. जन्मानंतर काही महिने त्यांचा अंमल उरतो आणि त्यामुळे बाळाच्या डोक्यातल्या तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, असं मानलं जातं. त्या तेलात मृत पेशी अडकतात आणि चिकट खपली बसते. म्हणून ती बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत उगवते आणि संप्रेरकं ओसरली की सहा महिने ते वर्षाच्या आत बहुतेक बाळांची आपोआप जाते. तिला खाज नसते, आग नसते. तुमची मुलगी नीट पिते-झोपते आहे, त्यावरून तिला त्याचा त्रास नाही हे उघड आहे. त्रास तुम्हाला होतो आहे. येणारी प्रत्येक बाई आधी टाळूकडे बघते आणि मग तुमच्याकडे.

मात्र तुमचा कोंडा आणि तिची खपली एकाच कुळातल्या आहेत, हे खरं. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर मालासेझिया नावाची एक बुरशी राहते. १८७४ साली मालासे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं, त्यांच्यावरून हे नाव पडलं. ही बुरशी घाण डोक्यातच असते असं नाही, धुतलेल्या डोक्यातही असते. तिला स्वतःला चरबी तयार करता येत नाही, म्हणून ती आपल्या डोक्यातल्या तेलावर जगते. त्या तेलातला हवा तो भाग खाते आणि ओलेइक आम्लासारखे घटक मागे सोडते. काहींच्या कातडीला ते सोसत नाहीत, मग ती चिडते, पेशी भराभर सुटतात आणि त्यांचे पापुद्रे पडतात. मोठ्या माणसांपैकी जवळपास निम्म्यांना कधी ना कधी कोंडा होतो तो असा.

एवढं लक्षात आलं की पुढचं बरंचसं कोडं सुटतं. ज्या तेलाला आपण उपाय समजतो, ते डोक्यात पडून राहिलं तर त्या बुरशीचं जेवणच होतं.

टाळू भरण्याबद्दल मी जपून लिहिते आहे. ती रीत मायेची आहे आणि माझीही टाळू अशीच भरली गेली असणार. पण टाळू म्हणजे कवटीच्या हाडांमधली अजून न जुळलेली जागा. ती तेलाने भरत नाही, हाडं वाढून भरते. मागची दोन-तीन महिन्यांत आणि पुढची साधारण वर्ष ते दीड वर्षात. टाळू उडताना दिसते ती नाडी असते, त्यात काळजीचं काही नाही. टाळू खोल गेलेली दिसली, तर मात्र तेल ओतत बसू नका. बाळाच्या अंगातलं पाणी कमी झाल्याचं ते लक्षण असू शकतं, विशेषतः जुलाब-उलट्या होत असतील तर. ती फुगून वर आली आणि बाळ मलूल किंवा तापलेलं असेल, तर तासभरही थांबू नका.

तुमच्याकडे रोज काय होतं ते पत्रावरूनच डोळ्यांसमोर उभं राहतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत खोबरेल गोठतं, चोवीस अंशांच्या खाली ते घट्ट होतंच. मग बाटली गॅसजवळ ठेवायची, पातळ झालं की वाटीभर टाळूवर थापायचं, वर डाळीचं पीठ, आणि न्हाऊन झालं की पुन्हा दोन थेंब "टाळू कोरडी पडू नये" म्हणून. त्यावर टोपडं, टोपड्यावर शाल. दिवसभर ते तेल तिथे मुरतं, पिठाचे कण त्यात बसतात, दुसऱ्या दिवशी त्यावर नवा थर. तुम्ही ज्याला जाड खपली म्हणता आहात, त्यात निम्मी बाळाची आणि निम्मी तेल-पिठाची असावी असा माझा अंदाज आहे. डॉक्टरांनी "आपोआप जाईल" म्हटलं ते बरोबरच, पण रोज नवा थर चढत असेल तर जाणार कशी? एवढं एक वाक्य त्यांनी पुढे जोडायला हवं होतं.

तेव्हा तेल बंद करू नका, तेलाचं काम बदला. खपली मऊ करायला तेल हवंच, काम झालं की ते काढून टाकायला हवं.

आठवड्यातून दोन-तीनदा, न्हाऊ घालायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, चमचाभर साधं खोबरेल बोटांच्या पेराने खपलीवर लावा. डोकं निथळेपर्यंत नाही, खपली ओलसर चमकेल एवढंच. तेलाऐवजी व्हॅसलीनसारखी पेट्रोलियम जेली किंवा बाळाचं साधं मिनरल ऑइल चालतं, आणि ते या बुरशीच्या उपयोगाचं नाही हा त्याचा फायदा. नंतर बाळंतविड्यात आलेला अगदी मऊ केसांचा ब्रश घ्या, नसला तर जुन्या, धुऊन मऊ पडलेल्या पंच्याचं टोक बोटाला गुंडाळा आणि हलक्या हाताने गोल फिरवा. टाळूच्या मऊ जागेवरूनही फिरवायला हरकत नाही. तिथे हात लावला की काही होईल या भीतीने बऱ्याच आया तेवढीच जागा सोडून देतात आणि नेमकी तिथेच खपली साठते. जेवढं सुटेल तेवढंच सुटू द्या. मग बाळांसाठीचा सौम्य शाम्पू दोन थेंब, हातावर पाण्यात फेसून, आणि कोमट पाण्याने तेलाचा अंश राहणार नाही इतकं धुवा. कोरडं टिपा. आणि आता पुन्हा तेल नाही. मावशींना सांगायचं ते एवढंच, आणि तेच सर्वांत अवघड आहे. भुवयांवर तेल टेकवून ओल्या कापडाने पुसलं की पुरे.

पहिल्या दोन-तीन वेळांत फार फरक दिसणार नाही. नंतर पापुद्र्याच्या कडा उचलल्यासारख्या होतात. हीच वेळ नख घालायचा मोह होण्याची. एका बाळाची आजी रोज दुपारी उन्हात बसून तळहाताएवढी खपली नखाने सोलत असे. माझ्याकडे आणलं तेव्हा खालची कातडी लाल, ओली झाली होती आणि त्यावर मधासारखे पिवळे खडे जमले होते, म्हणजे जंतुसंसर्ग झाला होता. ज्या बाळाला मुळात औषधाची गरज नव्हती, त्याला अँटिबायोटिक द्यावं लागलं. खपलीबरोबर चार केस निघून आले तर घाबरू नका, ते परत येतात.

आता "नैसर्गिक" या शब्दाविषयी. तुम्ही पत्रात तो चार वेळा लिहिला आहे आणि दर वेळी "सुरक्षित" या अर्थाने. तसा तो नाही. कापूर झाडापासूनच निघतो. कडुनिंबाचं तेलही नैसर्गिकच, पण तान्ह्या बाळाच्या पोटात गेलं तर उलट्या, गुंगी आणि झटक्यांपर्यंत मजल जाते, म्हणून बाळाच्या डोक्याला ते नको. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडात एक थेंबही जाऊ नये. त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे बोट्युलिझम नावाचा, स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. डोक्याला लावलेला मध ओघळून हातावर आणि हातावरून तोंडात जायला कितीसा वेळ लागतो? लिंबाचा रस बाळाला नको आणि तुम्हालाही नको. लिंबू लावलेल्या कातडीवर ऊन पडलं की भाजल्यासारखे काळे डाग उठतात, आणि हिवाळ्यात कोवळ्या उन्हात केस वाळवत बसायची आपल्याकडे सवयच आहे. खाण्याचा सोडा अल्कधर्मी, कातडी किंचित आम्लधर्मी. सोड्याने कोंडा तात्पुरता सुटल्यासारखा वाटतो, पण कातडीचं संरक्षण जातं. मोहरीच्या तेलाने आग होते. ऑलिव्हचं तेल महाग आणि परदेशी म्हणून हल्ली बाळंतविड्यात येतं, पण ते बहुतांशी ओलेइक आम्लच असतं, म्हणजे ज्याने कातडी चिडते तेच आपण विकत आणून चोळतो. डाळीचं पीठ बाळाच्या डोक्याला खरखरीत होतं आणि खपलीत अडकून बसतं. अंगाला लावायचंच असेल तर वस्त्रगाळ, पातळ दुधात कालवून, आणि डोकं सोडून.

मेथ्या भिजवून वाटून लावणं, दही लावणं, कोरफडीचा गर हे मोठ्यांसाठी. मेथ्यांच्या बुळबुळीत लेपाने कोरडी कातडी शांत होते, खाज कमी वाटते, पण त्याने बुरशी हटत नाही. आवड असेल तर अर्धा तास लावून स्वच्छ धुवा. कोरफड घरच्या कुंडीतली असेल तर पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक आधी गळू द्या, त्यानेच खाज सुटते. शिकेकाई-रिठ्याने डोकं धुणाऱ्यांना माझा विरोध नाही. रिठ्याचा फेस तेल उत्तम काढतो, डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नका, फार चुरचुरतो. बाळाला तर अजिबात नको.

झाडापासून निघालेल्या उपायांत एकाच्या बाजूने बरा पुरावा आहे. २००२ साली १२६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात पाच टक्के टी ट्री ऑइल असलेल्या शाम्पूने चार आठवड्यांत कोंडा ४१ टक्क्यांनी कमी झाला, साध्या शाम्पूने ११ टक्क्यांनी. म्हणजे उपयोग आहे, पण माफक. शिवाय हे तेल पोटात गेलं तर विषारी आणि थेट लावलं तर कातडी जाळणारं. घरात तान्हं असताना त्याची बाटली आणू नका, असं मी सुचवेन.

तुमच्या स्वतःच्या कोंड्यासाठी मी तुम्हाला औषधी शाम्पूच सांगणार आहे, आणि का ते सांगते. कॉलेजपासून तुम्ही शनिवारी रात्री तेल चोपडून रविवारी सकाळी न्हाता, असं लिहिलं आहे. सात-आठ वर्षं दर आठवड्याला रात्रभर त्या बुरशीला जेवण मिळत आलं आहे. तेल लावल्यावर कोंडा दबलेला दिसतो, कारण पापुद्रे चिकटून बसतात, आणि दोन दिवसांनी खांद्यावर परत दिसतो. दोन टक्के केटोकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, असे दोन ते चार आठवडे, आणि नंतर आठवड्या-पंधरवड्यातून एकदा. यात एक चूक जवळजवळ सगळे करतात. फेस केला की लगेच धुऊन टाकतात. तो फेस केसांना नव्हे, केसांच्या मुळाशी कातडीला लागायला हवा आणि तीन ते पाच मिनिटं राहायला हवा. घड्याळ बघा, तीन मिनिटं वाटतात त्यापेक्षा लांब असतात. शाम्पू इतका थोडा वेळ डोक्यावर असतो की अंगात नगण्य जातो. पाजत्या आईला तो चालतो, तरी तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या आणि न्हाल्यावर केस व छाती नीट धुवा. तेल हवंच वाटलं तर न्हायच्या अर्धा तास आधी, केसांच्या टोकांना.

बंबाचं कढत पाणी डोक्यावर घेऊ नका. नाशिकच्या कोरड्या थंडीत कातडी आधीच तडतडते, त्यात कढत पाण्याने खाज वाढते. तुमचे मिस्टर अंबडला रोज हेल्मेट घालून जातात आणि त्यांनाही कोंडा आहे, असं लिहिलंत. हेल्मेट सोडायचं नाही. आतून सुती रुमाल बांधायचा, तो रोज धुवायचा, ओल्या केसांवर हेल्मेट चढवायचं नाही. कंगवे प्रत्येकाचे वेगळे असू द्या, पण ते कोंड्यासाठी नव्हे, उवांसाठी. आणि मुलगी तीन महिन्यांची होताहोता तुमचे केस मुठीने गळायला लागतील, तेव्हा शाम्पूला दोष देऊन तो बंद करू नका. बाळंतपणानंतरची ती गळती असते आणि काही महिन्यांत थांबते.

बाळाला दाखवायला कधी न्यायचं? दोन-तीन आठवडे असं केल्यावरही खपली वाढतच असेल, ती गालांवर, मानेच्या वळ्यांत, काखेत, लंगोटाच्या जागी पसरत असेल, तिच्यातून पाणी किंवा रक्त येत असेल, वास येत असेल, तर न्या. बाळ डोकं उशीवर घासत असेल आणि खाजेने झोपत नसेल तर तो बहुधा एक्झिमा, म्हणजे इसब, असतो, त्याचा उपचार वेगळा. अंगभर लाली पसरली, जुलाब लागले आणि वजन वाढेना, तर त्याच दिवशी न्या. डॉक्टर बुरशीविरोधी मलम किंवा थोड्या दिवसांसाठी सौम्य स्टेरॉइडचं मलम देतील. तेवढं त्यांनी सांगितलेल्या दिवसांपुरतंच लावा, उरलेली ट्यूब पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी एक, शाळकरी मुलाच्या डोक्यात कोंड्यासारखे पापुद्रे आणि मधेच केस तुटून पडलेला गोल चट्टा असेल, तर तो नायटा. तो एकाचा दुसऱ्याला लागतो, त्याला पोटातून औषध लागतं, कुठल्याही तेलाने तो जात नाही.

सासूबाईंशी बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण अडचण तीच आहे. कापराबद्दल वाद घालू नका, ठामपणे सांगा, शक्य तर बालरोगतज्ज्ञांच्या तोंडून सांगवा. "नको" हे सुनेपेक्षा डॉक्टरांच्या तोंडी कमी बोचतं. बाकीचं त्यांच्या हाती राहू द्या. खपलीला तेल लावायचं काम त्यांनाच द्या, वेळ मात्र न्हाण्याआधीची ठरवून घ्या. अंगाची मालिश त्या आणि मावशी करताहेत ती चालू राहू द्या. हात-पाय चोळून घेताना बाळ कसं सैलावतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे? ओव्याची धुरी मात्र बंद करा. त्या धुराने बाळाच्या छातीला त्रास होतो.

राहिलं जावळ. वस्तऱ्याने खपली जात नाही, कारण ती केसांत नसून कातडीवर असते. केस गेल्यावर ती फक्त जास्त दिसते. उलट उंचवट्यावर वस्तरा अडकून कापतं आणि कापलेल्या जागी तेल-हळद भरली की पिकतं. मार्चपर्यंत तुमच्या हातात दोनेक महिने आहेत आणि बहुधा तोवर टाळू स्वच्छ झालेली असेल. न्हाव्याला नवं ब्लेड तुमच्यासमोर उघडायला सांगा, शक्य असेल तर वस्तऱ्याऐवजी ट्रिमर. गडावर जायच्या आठवडाभर आधी मुलीच्या टाळूवरून नुसतं बोट फिरवून बघा. खरखरीत काही लागलं, तर देवीसमोर कात्रीने एक बट कापा आणि उरलेलं जावळ सातव्या महिन्यावर ठेवा.